कट् आणि कटकट

किल्ली फिरवली आणि गाडीने हूं की चूं केलं नाही, तर मला त्यात फारसा रस वाटत नाही. एकतर बॅटरी पार बसलेली असते, फ्यूज उडालेला असतो, नाहीतर ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर नसतो. सेल्फ (इंजिन फिरवणारी विजेची मोटार) झकास फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर भानगड पेट्रोलची किंवा ठिणगीची. या दोहोंच्या मधली अवस्था मात्र मला वर्षानुवर्षं भुरळ घालत आली आहे. बॉनेटखालून ‘कट्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच घडत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो कानावर पडला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. घरचे याला खोड म्हणतात.

सेल्फचा इतिहास थोडक्यात उरकतो. पूर्वी हँडल मारून गाडी सुरू करावी लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ केला, तो १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. केटरिंग आधी रोकड मोजणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होते. क्षणभरच काम असेल तर छोटी मोटारही भलताच जोर लावू शकते, हे त्यांना तिथे उमगलं होतं. आपल्याकडच्या अँबेसेडरमध्ये हँडलची सोय पुढेही बरीच वर्षं होती. असो.

आता माझ्या लाडक्या डबीकडे येतो. सेल्फच्या पाठीवर बसवलेली ही डबी म्हणजे सोलेनॉइड. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून निकामी सेल्फ मिळतात. जमलं तर एक आणून उघडाच. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक खेचणारं आणि दुसरं धरून ठेवणारं. किल्ली फिरवली की दोन्ही मिळून लोखंडी दांडा आत ओढतात. त्याच्या हालचालीने सेल्फचं दातेरी चाक (गॅरेजच्या भाषेत बेंडिक्स) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन बसतं आणि दांड्यावरची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आदळते. ‘कट्’ होतं ते इथे. त्याच क्षणी खेचणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना विजेचा सारखाच दाब मिळतो, म्हणून ते आपोआप निवृत्त होतं. उरलेलं एकटं वेटोळं दांडा धरून ठेवतं आणि सगळी वीज मोटारीला मोकळी होते. इतक्या कमी भागांत इतकी अक्कल मी दुसऱ्या कुठल्याही यंत्रात पाहिलेली नाही.

हे कळलं की एका ‘कट्’ऐवजी कधीकधी येणाऱ्या ‘कटकटकटकट’चा उलगडा होतो. बॅटरी अर्धमेली असेल तर दांडा खेचण्यापुरती ताकद तिच्यात असते. पण चकती टेकताच मोटार शंभर-दीडशे अँपिअर मागते, दाब कोसळतो आणि धरून ठेवणारं वेटोळं दांडा सोडून देतं. भार गेला की दाब परत चढतो, दांडा पुन्हा खेचला जातो. जुन्या विजेच्या घंटेसारखा हा खेळ सेकंदाला कित्येकदा चालतो. उपाय म्हणजे बॅटरी चार्ज करणं किंवा बदलणं, पण आधी तिची टर्मिनलं पाहायची.

कारण खरा चोर बरेचदा तिथे दडलेला असतो. ‘हेडलाइट लख्ख आहेत, म्हणजे बॅटरी ठीक’ हे मी गॅरेजवाल्यांच्या तोंडूनही ऐकलंय. हिशोब करून पाहा. गंजलेल्या जोडात ०.०५ ओहम एवढाच अडथळा धरला, तर दहा अँपिअर घेणाऱ्या दिव्यांचा अर्धाच व्होल्ट गळतो आणि तो डोळ्यांना जाणवतही नाही. त्याच जोडातून दीडशे अँपिअर न्यायचे म्हटले तर साडेसात व्होल्ट तिथेच खर्ची पडतील. मग सेल्फला उरलं काय?

कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना अशाच दुखण्यावर नवी बॅटरी विकली गेली होती. गाडी पुन्हा ‘कट्’. मी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि गुरुजींना किल्ली फिरवायला सांगितली. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थिंग वाईट. आमचा काटा थेट चारावर गेला. इंजिनला जोडलेली अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने बोल्टखालीच खाल्ली होती. पट्टी बदलली, काम झालं.

हेडलाइट लावून किल्ली फिरवणं ही बिनपैशाची तपासणी. दिवे पार मंदावले तर बॅटरी, तिचे जोड किंवा क्वचित जाम झालेला सेल्फ. दिवे तसेच राहिले आणि एकच ‘कट्’ आला, तर सोलेनॉइडमधले बोल्ट जळालेत किंवा सेल्फच्या मोटारीचे कार्बन (ब्रश) झिजलेत. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणी किल्ली फिरवत असताना सेल्फवर पान्याने हलकी टकटक केली की झिजलेले कार्बन जागेवर येऊन गाडी कधीकधी सुरू होते. ती सुरू झाली की थेट सेल्फवाल्याकडे न्यायची. कार्बन आणि चकती बदलून निभत असताना अख्खा सेल्फ बदलायला लावणारे मला आवडत नाहीत.

टर्मिनलांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जाते. मायनस आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. जंपर लावताना काळ्या वायरचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या लोखंडावर लावावं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी शेवटच्या जोडालाच उडते.

आपल्याकडे बॅटरी मरते वैशाखात आणि बातमी फुटते कार्तिकात. उन्हाळा तिच्या पट्ट्या कुरतडतो, पाणी उडवतो. पहाटेच्या थंडीत इंजिनचं तेल घट्ट होतं, बॅटरी सुस्तावते आणि तेव्हा सगळं उघडं पडतं. त्यात दिवाळीला गावी जाऊन गाडी पंधरवडाभर उभी ठेवली की झालंच. उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. पूर्ण भरलेली असूनही किल्ली फिरवताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल तर नवीन घ्या. गाडी सुरू झाल्यावर मात्र मीटर पुन्हा लावा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेराही दिसत नसतील तर अल्टरनेटर तपासा, नाहीतर नवी बॅटरीही आठवड्याभरात बसेल.