पासबुकातला माणूस आणि ॲथॉल फ्यूगार्ड

१९५८ साली जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातल्या एका कोर्टात पंचविशीचा एक गोरा कारकून नोकरीला लागला. पासबुकात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीत काळ्यांना सक्तीने बाळगाव्या लागणाऱ्या ओळखपुस्तिकेत, खोट निघालेले काळे लोक रोज तिथे उभे केले जात. कुठल्या शहरात राहायचं, कुठे काम करायचं, किती दिवस थांबायचं, हे सगळं पासबुकातल्या शिक्क्यांवर ठरे. शिक्का चुकला की काही मिनिटांत खटला संपे आणि माणूस गजाआड जाई. हा कारकून म्हणजे पुढे जगभर नाव झालेले नाटककार ॲथॉल फ्यूगार्ड.

जन्म १९३२ चा, मिडलबर्गचा. वाढले पोर्ट एलिझाबेथमध्ये. आई आफ्रिकानेर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांपैकी, वडील इंग्रजी बोलणारे आणि पायाने अधू. केपटाऊनच्या विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट टाकून ते आफ्रिका पालथी घालत कैरोपर्यंत गेले आणि पुढे बोटीवर खलाशी झाले.

१९६१ च्या ‘द ब्लड नॉट’मध्ये एकाच आईचे दोन मुलगे आहेत. एक गोरा म्हणून सहज खपेल असा, दुसरा काळाभोर. काळ्या भावाची भूमिका झेक्स मोकाए यांनी केली, दुसऱ्याची खुद्द फ्यूगार्ड यांनी. काळा आणि गोरा नट एकाच रंगमंचावर उभे राहणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. दौऱ्यावर मात्र फ्यूगार्ड रेल्वेच्या पहिल्या वर्गात आणि मोकाए तिसऱ्या वर्गात. पुढे सरकारने मिश्र नटसंच आणि मिश्र प्रेक्षक दोन्हींवर बंदी आणली. १९६७ मध्ये फ्यूगार्ड यांचा पासपोर्टही काढून घेतला, तो १९७१ पर्यंत परत दिला नाही.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम झालं ते न्यू ब्रायटन या काळ्यांच्या वस्तीतल्या ‘सर्पंट प्लेयर्स’बरोबर. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारी ही मंडळी. जॉन कानी आणि विन्स्टन न्ट्शोना हे त्यांच्यातलेच. दोघांबरोबर प्रसंग रचत, बोलत, पुन्हा मोडत फ्यूगार्ड यांनी ‘सिझ्वे बान्सी इज डेड’ उभं केलं. १९७२ मध्ये केपटाऊनच्या ‘स्पेस’ थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला. नाटकावर लेखक म्हणून तिघांचीही नावं आहेत, आणि ते योग्यच आहे. कानी फोर्डच्या कारखान्यात राबले होते. कारखान्यावरचं नाटकातलं लांबलचक स्वगत त्या अनुभवाशिवाय लिहिणं शक्य नव्हतं.

सिझ्वे बायकामुलांना गावी ठेवून कामासाठी शहरात आलाय. मुदत संपल्याने त्याला तीन दिवसांत परत जायचा हुकूम आहे. रात्री गल्लीत एक प्रेत सापडतं. खिशात पासबुक, आणि त्यात कामाचा परवाना शाबूत. मित्र बुंटू दोन्ही पासबुकांतले फोटो उचकटून अदलाबदल करतो आणि सिझ्वेकडून नवा नंबर घोकून घेतो. शाळेतल्या पोरासारखा तो प्रौढ बाप नंबर पाठ करतो, चुकतो, पुन्हा म्हणतो. प्रेक्षक आधी हसतात. मग आपण कशाला हसलो ते त्यांच्या लक्षात येतं. कारकुनाच्या टेबलावरून दिसलेली ती माणसं इथे पुरती बोलती झाली आहेत.

पुढच्याच वर्षी ‘द आयलंड’ आलं. ‘सर्पंट प्लेयर्स’च्या एका नटाची रवानगी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात झाली होती आणि तिथे त्याने कैद्यांसमोर ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकातला प्रवेश केला होता. त्यातून हे नाटक सुचलं. या दोन नाटकांसाठी कानी आणि न्ट्शोना यांना १९७५ मध्ये मिळून टोनी पुरस्कार मिळाला.

‘मास्टर हॅरल्ड... अँड द बॉइज’ (१९८२) लिहिताना मात्र फ्यूगार्ड यांनी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आईच्या चहाच्या दुकानात सॅम नावाचा काळा नोकर होता. वडिलांचा आधार नसलेल्या मुलाला त्याने माया लावली. एकदा लहानग्या ॲथॉलने रागाच्या भरात त्याच्या तोंडावर थुंकून त्याचा अपमान केला. ती शरम त्यांनी अनेक वर्षं उरात बाळगली. नाटकातला हॅली वाईट मुलगा नाही, वाचनवेडा आहे, सॅमवर त्याचा जीव आहे. तरीही वडिलांवरचा राग अनावर होताच व्यवस्थेने हाती दिलेलं हत्यार तो उचलतो. वर्णभेद प्रेमळ घरात कसा शिरतो, हे मला याहून स्पष्ट कुणी दाखवलेलं ठाऊक नाही. पहिला प्रयोग अमेरिकेत येल इथे झाला. दक्षिण आफ्रिकेत नाटकावर आधी बंदी आली. १९८३ मध्ये जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरात ते उभं राहिलं, तेव्हा सॅमची भूमिका जॉन कानी करत होते.