मिस्त्री मारुतीच का सुचवतो?

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेतो. मिस्त्री बॉनेट उघडतो, ऑइल पाहतो, इंजिन चालू करून सायलेन्सरचा धूर निरखतो आणि पुष्कळदा शेवटी एवढंच म्हणतो, "साहेब, मारुतीच बघा." हा सल्ला कंपनीच्या प्रेमातून येत नाही. त्यामागे गॅरेजचा रोजचा हिशेब असतो.

गॅरेजमध्ये सगळ्यात महाग असते ती जागा. क्लच प्लेट बदलायला गाडी उघडली आणि प्लेट शहरातून यायला तीन दिवस लागले, तर तेवढे दिवस गाडी जागा अडवून उभी राहते. दुसरं काम आत घेता येत नाही, गिऱ्हाइकाचे फोन थांबत नाहीत, आणि या खोळंब्याची मजुरी कुणी देत नाही. म्हणून जिचा माल तालुक्याच्या दुकानात हाताशी मिळतो, ती गाडी मिस्त्रीला चांगली वाटते. दुकानदार तरी काय ठेवणार? जे रोज खपतं, तेच.

मारुतीचा माल खपू लागला त्याचं मूळ एका इंजिनात आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन. १९८४ मध्ये तेच इंजिन व्हॅनच्या पुढच्या सीटखाली बसलं. हीच व्हॅन पुढे ओम्नी झाली. २००० मध्ये ते अल्टोतही आलं. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तरी आतली रचना ओळखीचीच राहिली. ८००चं उत्पादन २०१४ पर्यंत आणि ओम्नीचं २०१९ पर्यंत चाललं. एका गाडीवर हात बसलेल्या पोराला दुसरी उघडताना भीती वाटली नाही.

मिस्त्री बिल्ला पाहत नाही, इंजिन पाहतो, हे डिझेल गाड्यांत आणखी स्पष्ट दिसतं. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावात बनत होतं, आणि फियाटच्याच परवान्यानं हरियाणात मानेसरलाही. स्विफ्ट, डिझायर, टाटाची इंडिका व्हिस्टा, फियाटची पुंटो अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत ते धावलं. एक इंजिन शिकलं की इतक्या गाड्यांचं काम मिळत होतं.

याउलट जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात शेव्हरोले विकणं थांबवलं, तर २०२१ मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग मिळत राहतील, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं होतं. पण विक्री थांबलेल्या गाडीचा माल कोणता छोटा दुकानदार पैसे गुंतवून भरून ठेवेल?

सुटे भाग हा सरकारदरबारी पोचलेला प्रश्नही आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती या कंपन्या स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचू देत नाहीत, असा ठपका होता. त्या यादीत मारुतीही होती. कंपन्या या आदेशाविरुद्ध दाद मागायला गेल्या. नाक्यावरच्या गॅरेजच्या दृष्टीनं मात्र आयोगानं नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

मिस्त्रीच्या हिशेबात एक रकाना मात्र रिकामा असतो. गाडी दुरुस्त करायला किती सोपी, हे तो छातीठोकपणे सांगेल. ती धडकल्यावर आतल्या माणसाचं काय होईल, हे त्याला पाना हातात धरून कळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. त्यात एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, आणि उरलेल्या चारही गाड्यांना शून्यच. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेनं मारुतीच्या नव्या डिझायरला पाच तारे दिले. जुन्या बाजारात आज या दोन्ही काळांतल्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात, आणि दोन्हींचा माल तालुक्याच्या दुकानात मिळतो.