कयाक घ्यायची, पण कोणासाठी?

सावनेर तालुक्याला पाणी नवे नाही. गावाजवळून कोलार वाहते, खाप्याला कन्हान आहे, जवळच खेकरानाला जलाशय आहे. नोकरीच्या निमित्ताने मुंबई-कोकणात राहून एखादा भाऊ समुद्रात कयाक, म्हणजे दुतोंडी वल्ह्याची लहान नाव, चालवायला शिकला असेल, तर गावी आल्यावर आपलीही एक असावी असे त्याला वाटणारच. अशा जाणकाराचीच निवड करताना गल्लत होऊ शकते.

समुद्राची कयाक साधारण १६-१७ फूट लांब आणि जेमतेम २२ इंच रुंद असते. तळ गोलसर असतो. नवखा बसला की ती डुलते, पण सरावाचा माणूस लाटेवर कलूनही तिला सावरतो. सहलीची कयाक ९ ते १२ फुटांची, सुमारे ३० इंच रुंद आणि पसरट तळाची. ती बसल्याबरोबर स्थिर वाटते. मात्र मर्यादेपलीकडे कलली, तर एकदम उलटते. म्हणून ती संथ पाण्यासाठीच चांगली.

जाणकाराला ही रुंद नाव बैलगाडीसारखी जड वाटेल. पण वाचकहो, तिच्यात बसणार कोण? घरची पोरं, मासे धरायला येणारा मेव्हणा, कधी पाण्यात न उतरलेली वहिनी. तेव्हा तोल त्यांचा पाहावा.

घेताना चार गोष्टी तपासाव्यात. बसायची जागा खाली असावी. बैठक उंच झाली की तोल घटतो. नाव किती वजन पेलते ते विचारून त्यापेक्षा बरेच कमी वजन ठेवावे. पुढे-मागे हवाबंद कप्पे असावेत. नसले तर उलटलेली नाव पाण्याने भरते आणि ओढून काठाला आणणे कठीण होते. वर बसायच्या, छिद्रे असलेल्या कयाकमधून पाणी आपोआप निघून जाते, पुन्हा चढणेही सोपे जाते. आणि २०-२५ किलोची नाव घरून पाण्यापर्यंत कोण उचलून नेईल, तेही ठरवावे.

पैसे देण्यापूर्वी कमरेइतक्या पाण्यात बसून दोन्ही बाजूंना कलून पाहावे. मुद्दाम उलटवून पुन्हा चढून पाहावे.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात, झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. ती कयाक नव्हती. पण पाण्याचा नियम लहान-मोठ्या प्रत्येक नावेला एकच. म्हणून पोहता येवो वा न येवो, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवेच. धरणात उतरण्यापूर्वी परवानगी विचारावी, वारा सुटला की काठ धरावा, पावसाळ्यात नदीला हात जोडून घरीच बसावे.

समुद्र पाहिलेल्या भावाने घरच्यांना पाण्याची गोडी जरूर लावावी. त्यासाठी आधी रुंद नाव आणावी. वेगाची हौस पुढे कधीही फिटेल.