मासा दिसायला लागल्यापासून

गुलबर्ग्याहून समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. कारवार गाठायचे तर रस्त्याने चारशे किलोमीटरच्या वर जावे लागते. तरीही इथल्या बाजारात बर्फातला बांगडा मिळतो आणि त्याच्या शेजारच्या पाटीत भीमेचा कटला पडलेला असतो. गिऱ्हाईक दोघांचेही कल्ले सारख्याच संशयाने उचलून बघते. पण हे दोन मासे पाटीत येतात ते अगदी वेगळ्या वाटांनी. कटला रात्रभर लावून ठेवलेल्या जाळ्यात आपणहून शिरलेला असतो. बांगडा बहुधा आधी कुणीतरी पडद्यावर पाहिलेला असतो आणि मग धरलेला असतो.

समुद्रातला मासा कुठे असेल हे सांगणारी कचेरी मात्र आपल्याला किनाऱ्यापेक्षा जवळ आहे, हैदराबादला, सव्वादोनशे किलोमीटरवर. ‘इन्कॉइस’ म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ साली तिथे उभे राहिले. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य मोजायचे, थंड आणि उबदार पाणी जिथे भिडते तिथे प्लवक माजते आणि त्यामागून मासे येतात हे धरून अंदाज बांधायचा, आणि अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत जा, असा निरोप मराठीसकट किनाऱ्यावरच्या भाषांतून धाडायचा, असे हे काम. ढग दाटले की निरोप थांबतो. मासेमारी बंदीच्या काळातही थांबतो. दख्खनच्या खडकावर बसून कोकणच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, वाट दाखवणाऱ्या या कचेरीचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. पण उपग्रहाला दिसते ती पाण्याची साय. तिच्याखाली काय चालले आहे ते कळायला होडीकडे स्वतःचे यंत्र लागते, आणि हा लेख त्या यंत्राबद्दल आहे.

या यंत्राची, म्हणजे फिशफाइंडरची, मूळ युक्ती साधी आहे. होडीच्या बुडाला ट्रान्सड्यूसर बसवलेला असतो. विजेचा झटका मिळाला की त्यातली चकती थरथरते आणि आवाजाचा एक छोटा ठोका पाण्यात सोडते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने. ४० मीटर खोल तळाला आपटून तो ठोका परत यायला सेकंदाचा अठरावा भागही पुरतो. तीच चकती परतलेला प्रतिध्वनी ऐकते, लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि पडद्यावर ठिपका उमटवते. कमी कंपनसंख्येचा, म्हणजे ५० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज खोलवर जातो पण धूसर दाखवतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज लवकर दमतो, पण बारकावे दाखवतो. म्हणून बऱ्याच फिशफाइंडरमध्ये दोन्ही सोयी असतात.

गंमत अशी की यंत्राला मासा जवळजवळ दिसतच नाही. माशाचे मांस पाण्यासारखेच असते, त्यातून आवाज फारसा न अडता निघून जातो. तो उसळून परत येतो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. मासा याच पिशवीच्या आधाराने हव्या त्या खोलीवर तरंगतो आणि तीच त्याची चुगली करते. घोळ माशाच्या पिशवीला तर परदेशात सोन्याचा भाव आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका होडीला एका फेरीत दीडशेवर घोळ लागले आणि लिलाव सव्वा कोटी रुपयांच्या पुढे गेला, तो या पिशवीपायी. उलट मुशीला ही पिशवीच नसते. तिचा प्रतिध्वनी तिच्या देहाच्या मानाने फिका येतो. थवा तारलीचा की बांगड्याचा, हेही पडदा नावानिशी सांगत नाही. त्याचा आकार, तो तळापासून किती वर आहे, कडा घट्ट आहे की फाटलेली, वेळ कोणती, महिना कोणता, हे सगळे जुळवून तांडेल ठरवतो.

आवाजाने पाण्यात चाचपण्याची विद्या माशांसाठी जन्मलीच नाही. १९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि हिमनग आधीच कसा कळेल याचा शोध सुरू झाला. मग पहिल्या महायुद्धात पाणबुड्या आल्या, आणि फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी स्फटिकाच्या थरथरीतून आवाज पाण्यात सोडण्याची युक्ती बसवली. हीच युक्ती वापरून तळ मोजणाऱ्या जहाजांच्या कागदावर अधूनमधून तळाच्या वरच काळे डाग उमटायचे. नॉर्वेचे ऑस्कर सुंड यांनी १९३५ साली लोफोटेनच्या समुद्रातल्या कॉड माशांचा असा आलेख ‘नेचर’मध्ये छापला, तेव्हा त्या डागांना शास्त्राच्या दरबारात जागा मिळाली.

पण यंत्र सामान्य कोळ्याच्या होडीवर आणले ते जपानच्या नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी, १९४८ साली. कियोताका फुरुनो होड्यांवर विजेच्या दिव्यांची कामे करीत. जिथून बुडबुडे वर येतात तिथे मासे असतात, असे एका जुन्या नावाड्याने त्यांना सांगितले, आणि बुडबुड्यावरून आवाज परततो हे त्यांना ठाऊक होते, अशी गोष्ट सांगतात. महायुद्धानंतर भंगारात निघालेली लष्करी यंत्रे त्यांनी हाताशी धरली. सुरुवातीला खूप हसे झाले. मग ज्या होड्यांवर यंत्र होते त्या भरून येऊ लागल्या आणि हसणारेही रांगेत उभे राहिले.

बुडबुड्यांची ही गोष्ट भीमेच्या माणसाला नवी वाटणार नाही. मरळ हा मासा हवा घ्यायला मधूनमधून वर येतो, आणि पाण्याच्या कातडीवरची ती हालचाल जाणत्याला पुरते. विणीनंतर मरळीची जोडी लालसर पिल्लांचा पुंजका राखत फिरते. तो पुंजका दिसला की खाली आईबाप आहेत हे नक्की. मालवण-गोव्याकडच्या रापणकरांचे शास्त्रही याच जातीचे. किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर नजर बसलेला माणूस उभा राहायचा. पाण्याचा रंग कुठे बदलला, पक्षी कुठे घिरट्या घालतात, काळोख्या रात्री पाणी कुठे पेटते, हे बघून तो हाक द्यायचा. मग होडीतून अर्धगोल जाळे टाकून दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची आणि आलेल्या मासळीचे वाटे घालायचे. मासा आपणहून किनाऱ्यापर्यंत आला तरच रापण भरायची. तो आला नाही, तर डोळा कितीही तयार असो, काही उपाय नव्हता.

सत्तरच्या दशकात गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. थव्याभोवती जाळ्याचा गोल फिरवायचा आणि खालची दोरी बटव्याच्या नाडीसारखी ओढून तळ मिटवायचा. मासा किनाऱ्याला येण्याची वाट पाहायची गरज संपली. रापणीचे दिवस फिरले ते तेव्हापासून. गोव्यात मातानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकर रस्त्यावर उतरले. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकचा १९८६ चा. या तारखा नुसत्या शेजारी ठेवल्या तरी त्यांच्यामागचा गोंगाट ऐकू येतो.

पर्ससीनला सोनार मिळाले की खेळ पुरता बदलतो. साधा फिशफाइंडर होडीच्या पोटाखाली बघतो, म्हणजे थव्यावरून गेल्यावर थवा होता हे सांगतो. सोनार चोहोबाजूंनी बघते. शेकडो मीटरवरचा थवा कुठल्या दिशेला, किती वेगाने, किती खोलीवर चालला आहे हे पडद्यावर दिसत राहते आणि जाळे त्याच्या वाटेत पडते. महाराष्ट्र सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर असे चारच महिने दिले आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरवले. पुढच्या वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करायला बंदी घातली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी होतीच. पण माझ्या माहितीप्रमाणे होडीवरच्या सोनारला कुणी हात लावलेला नाही. जाळे, दिवा, महिना, अंतर या सगळ्यांवर नियम आहेत, आणि मासा शोधून देणारे यंत्र मोकळे आहे.

या घराण्यातले सर्वांत तरुण बाळ म्हणजे चालते चित्र दाखवणारे सोनार. २०१८ साली गार्मिन कंपनीने ‘लाइव्हस्कोप’ बाजारात आणले आणि मागून इतर कंपन्या आल्या. यात एका चकतीऐवजी अनेक बारीक चकत्यांची रांग असते. प्रत्येकीच्या ठोक्याची वेळ केसाएवढी मागेपुढे करून आवाजाचा झोत यंत्र न हलवता वळवता येतो. हे इतक्या झपाट्याने चालते की पडद्यावर मासा पोहताना दिसतो. गळाचे आमिष खाली जाते, मासा वळतो, जवळ येतो, विचार करतो आणि निघून जातो, हे सगळे घडत असताना दिसते. आवाका सहसा साठेक मीटरचाच, आणि किंमत पडद्यासह लाखाच्या पुढे, म्हणून सध्या ते मुख्यतः अमेरिकेतल्या तळ्यांवर हौशी गळकऱ्यांचा सोबती आहे. तिथेही भांडण पेटले आहेच. स्पर्धेत मासा शोधणे हेच कसब असेल तर पडद्याकडे बघत बसणाऱ्याला बक्षीस कशाचे, असा सवाल उठला आणि ‘नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीग’ने २०२४ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत समोर बघणारे सोनार बंद केले. बाकीच्यांनी वेळेची, संख्येची बंधने घातली.

खेळातले भांडण खेळापुरते. पोटाच्या धंद्यात या यंत्राचा धोका वेगळा आहे आणि तो लवकर ध्यानात येत नाही. पूर्वी समुद्रातला मासा घटला की तो शोधायला जास्त वेळ लागायचा. डिझेल जळायचे, होड्या रिकाम्या यायच्या आणि न परवडल्यामुळे मासेमारी आपोआप मंदावायची. न दिसणे हेच माशाचे कवच होते. सोनारने ते काढून घेतले. मासा निम्मा झाला तरी उरलेले थवे पूर्वीइतक्याच वेळात सापडतात, जाळे पूर्वीइतकेच भरते, आणि तांडेलापासून सरकारी हिशेबनीसापर्यंत सगळ्यांना समुद्र भरलेला वाटतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉडचे असेच झाले. साठा आटत गेला तसे उरलेले मासे दाट घोळके करून राहिले. सोनार लावलेल्या ट्रॉलरना ते सापडत राहिले, आणि ताशी पकड चांगली आहे म्हणजे साठाही चांगला आहे असे मानले गेले. २ जुलै १९९२ ला सरकारने मासेमारीच बंद केली तेव्हा हजारो माणसे एका दिवसात बेकार झाली. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

प्रत्येक घसरणीचे खापर या यंत्रावर फोडणेही बरोबर नाही. केरळात तारली २०१२ साली ३.९ लाख टन मिळाली होती, २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची कारणे मुख्यतः बदललेल्या समुद्राच्या तापमानात आणि हवामानात शोधली. पण समुद्र आधीच रुसलेला असताना उरलेसुरले थवे नेमके सापडत राहणे बरे, असे कोण म्हणेल?

आता आपल्या पाण्याकडे वळू. भालकीकडचा कारंजा जलाशय, अफझलपूरजवळचा भीमेवरचा सोन्ना बंधारा, आळंदकडची अमरजा. इथे मासेमारी चालते ती टोपलीसारख्या गोल हरिगोलातून. बसवण्णांच्या मेळ्यातले अंबिगर चौडय्या होडी हाकणारे होते, तेव्हा इथल्या पाण्यावरच्या माणसाला वंशावळीची कमतरता नाही. संध्याकाळी जाळी लावायची, पहाटे काढायची. कटला, रोहू, मृगळ हे बहुतेक बोटुकली सोडून वाढवलेले, मरळ आणि वांब नदीचे स्वतःचे, आणि चिलापी न बोलावता आलेली.

इथे फिशफाइंडर आणला तर काय होईल, याचे गणित करता येते. खाली बघणाऱ्या यंत्राचा झोत साधारण वीस अंशांचा धरला, तर पन्नास मीटर खोलीवर तो साडेसतरा मीटर व्यासाचे वर्तुळ बघतो. पाच मीटर पाण्यात तेच वर्तुळ पावणेदोन मीटरचे उरते. एवढ्या भिंगातून जलाशय तपासायला हंगाम जाईल. त्यात बुडालेल्या बाभळींचे बुंधे आणि तळाचे दगड यांचे प्रतिध्वनी माशांत मिसळतात. भीमेचे पाणी गढूळ असते याची मात्र यंत्राला पर्वा नाही, आवाजाला गाळाचा फारसा अडसर होत नाही. मुद्दा वेगळाच आहे. ज्याचे जाळे एका जागी उभे आहे त्याला मासा कुठे आहे हे कळून विशेष फायदा नाही. सोनार उपयोगी पडते ते पाठलाग करणाऱ्याला.

मोजणाऱ्यालाही ते उपयोगी पडते, आणि माझ्या मते आपल्या भागात या यंत्राने यावे तर त्या वाटेने. पेरूमध्ये अँकोव्ही माशाचा हंगाम उघडण्याआधी संशोधन जहाजे प्रतिध्वनीने साठा मोजतात. २०२३ साली मोजणीत लहान मासेच फार निघाले आणि उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगाम सरकारने रद्द केला. जगातल्या सर्वांत मोठ्या मत्स्यधंद्यांपैकी एक त्या हंगामाला घरी बसला, तो या मोजणीच्या सांगण्यावरून.

कारंजात इतके मोठे काही नाही. पण किती बोटुकली सोडली याचा आकडा असतो आणि किती मासे निघाले याचाही असतो. मधे किती जगले, किती पुराबरोबर वाहून गेले, किती चिलापीशी झगडण्यात गेले हे कुणी बघितलेले नसते. पावसाळा सरल्यावर, थवे विस्कटून मासे सुटे होतात अशा रात्री, आडवा झोत टाकणारे यंत्र घेऊन मत्स्यखात्याची एक होडी ठरलेल्या रेघांवरून फिरवली तर या प्रश्नाचे निदान ढोबळ उत्तर मिळेल. लिलाव आणि बोटुकलींची मागणी त्या उत्तरावर ठरवता येईल. फक्त तो ठिपका कटल्याचा की चिलापीचा हे पडदा सांगणार नाही. त्यासाठी त्याच रात्री जाळे टाकून वानगी काढावी लागेल, आणि कुठे टाकायचे ते हरिगोलवाल्यालाच विचारावे लागेल. त्याची मजुरी खात्याने अंदाजपत्रकात आधीच धरलेली बरी.