बायोटिन चिकटते, ओळखत नाही

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगटांच्या अभ्यासासाठी सुरू झालेले केंद्र आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या नावाने ओळखले जाते. हिमोफिलिया, व्हॉन विलेब्रँड आजार असे रक्तस्रावाचे विकार हा तिथल्या अभ्यासाचा एक विषय. या क्षेत्रात रक्तातले एखादे प्रथिन किती आहे हे मोजायला एलायझा ही पद्धत सर्रास वापरतात, आणि तिच्यात हमखास भेटते ती बायोटिन लावलेली अँटीबॉडी. बायोटिन लावले की अँटीबॉडी अधिक अचूक होते, हा तिच्याविषयीचा सगळ्यात चिवट गैरसमज. बायोटिन म्हणजे साधे ब-७ जीवनसत्त्व, वजन जेमतेम २४४ डाल्टन. अँटीबॉडी सुमारे दीड लाख डाल्टनची. बायोटिनला स्वतःचा रंग नाही, चमक नाही. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्तातले प्रथिन मोजायचे असेल तर प्लेटच्या तळाशी बसवलेली पहिली अँटीबॉडी प्लाझ्मातून तो फॅक्टर धरून ठेवते, प्लेट धुतल्यावर बायोटिनवाली दुसरी अँटीबॉडी त्यावर बसते, मग एन्झाइम जोडलेले स्ट्रेप्टॅव्हिडिन त्या बायोटिनला चिकटते. रंग उमटतो तो एन्झाइममुळे. स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या एका रेणूला बायोटिनसाठी चार जागा असतात आणि ही पकड सहसंयोजक बंध नसूनही निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे. म्हणून खुणेचा आवाज वाढतो. पण अँटीबॉडी चुकीच्या प्रथिनावर बसली असेल, तर ती चूकही तितक्याच मोठ्या आवाजात ऐकू येते.

मग जितके बायोटिन जास्त तितके बरे, हेही ओघानेच खोटे ठरते. बायोटिन अँटीबॉडीवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला जोडतात, आणि लायसिन प्रथिन ओळखणाऱ्या टोकापाशीही असू शकते. तिथे गर्दी झाली की ओळखच बिघडते. बाटलीसोबत माहितीपत्रक येते, त्यात सगळे तपासलेले असते, मग पुन्हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. चांगला उत्पादक बरेच काम करून देतो. पण त्याने ते त्याच्या नमुन्यांवर केलेले असते. एलायझात उत्तम चालणारी अँटीबॉडी फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीवर नापास होऊ शकते, कारण तिथे प्रथिनाचा आकार बदललेला असतो. शिवाय यकृत आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत मुळातच बायोटिन भरपूर, त्यामुळे ते आधी झाकले नाही तर अँटीबॉडी न घालताही रंग येतो. म्हणून एलायझातही दुसरी अँटीबॉडी वगळलेला प्लेटवरचा एक खळगा आणि ज्यात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर जवळजवळ नाहीच असा त्या आजाराच्या तिसऱ्या प्रकारच्या रुग्णाचा प्लाझ्मा, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय आलेल्या आकड्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते.

केसांसाठी घेतलेल्या गोळ्यांचा रक्ततपासणीशी काय संबंध, असेही अनेकांना वाटते. प्रौढाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. केस-नखांच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत इशारा दिला, त्यात हृदयविकाराच्या निदानासाठी मोजल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी आल्याने झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. रक्तातले मोकळे बायोटिन स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा अडवते. दोन अँटीबॉडींच्या तपासणीत त्यामुळे आकडा खाली येतो, तर स्पर्धात्मक तपासणीत वर जातो. टीएसएच कमी आणि टी-४ जास्त दिसून निरोगी माणूस थायरॉइडचा रुग्ण ठरू शकतो. मात्र म्हणून प्रत्येक तपासणी संशयास्पद मानणे हा उलटा गैरसमज. वर सांगितलेल्या एलायझात बायोटिनवाली अँटीबॉडी घालण्याआधीच प्लाझ्मा धुऊन टाकलेला असतो, त्यामुळे त्यातले मोकळे बायोटिन तिथे फारसे उरत नाही. धोका आहे तो रुग्णाचा नमुना आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन एकाच वेळी एकत्र येतात तिथे.

राहिला सर्वांत नाजूक गैरसमज: आकडा बरोबर आला म्हणजे प्रथिन ठीक आहे. अँटीबॉडी आकार ओळखते, काम तपासत नाही. व्हॉन विलेब्रँड आजाराच्या दुसऱ्या प्रकारात फॅक्टरचे प्रमाण कित्येकदा ठीकठाक दिसते, पण प्लेटलेटना धरून ठेवण्याचे किंवा रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या फॅक्टर आठला सांभाळण्याचे त्याचे काम बिघडलेले असते. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. उलट, प्रमाण कमी दिसले की आजार असेही नाही. ‘ओ’ गटाच्या लोकांत हा फॅक्टर इतर गटांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी असतो, कारण त्याच्यावर रक्तगटाच्या शर्करा जडलेल्या असतात आणि त्यांच्यावर तो रक्तात किती टिकतो हे अवलंबून असते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी याच मुंबईतून जगापुढे आणलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात तर ‘ओ’ गटात असणारी एच ही पायाभूत शर्कराही नसते, आणि या गटाच्या लोकांत फॅक्टरची पातळी आणखी खाली आढळली आहे. तेव्हा अँटीबॉडी निर्दोष, बायोटिन नेमके, प्लेट नीट धुतलेली असली, तरी समोरच्या माणसाचा रक्तगट कोणता हे विचारल्याखेरीज त्या आकड्याला कमी म्हणायचे की नाही, ते ठरवता येत नाही.