डार्क चॉकलेट आणि बाबांची बीपीची गोळी

हेडफोन घरी विसरलात? काही हरकत नाही, हा एपिसोड वाचून घ्या.

गेल्या महिन्यात घरी गेलो, तर फ्रिजमध्ये डार्क चॉकलेटचे चार बार. बाबा म्हणाले, "अरे, ग्रुपवर आलंय, याने बीपी उतरतं. गोळी आता दिवसाआड घेतोय." मी हादरलोच. रात्री बसून सगळं वाचून काढलं.

आधी यात खरं काय ते बघू. कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं, वाहिन्या सैल होतात आणि बीपी थोडं उतरतं. थोडं म्हणजे किती? २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. सरासरी घट निघाली जेमतेम २ पॉइंट. म्हणजे १५० चं १४८! गोळीचं काम यावर कसं भागणार?

आता दुसरी गोम. फायदा फ्लॅव्हनॉलचा आहे, बारचा नाही. रॅपरवरचे ७० टक्के हे कोकोचं प्रमाण असतं, फ्लॅव्हनॉलचं नव्हे. कोकोचा कडवटपणा कमी करायला त्यावर अल्कलीची प्रक्रिया करतात, त्यात बरेचसे फ्लॅव्हनॉल जातात. म्हणून घटक वाचताना हे बघाच.

अमेरिकेत 'कॉसमॉस' नावाची मोठी चाचणी झाली, २१ हजारांहून जास्त ज्येष्ठांवर. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल दिले. २०२२ मध्ये निकाल आला: हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे एकूण घटनांमध्ये ठोस फरक नाही. आणि हो, त्या होत्या कॅप्सूल. त्यात ना साखर, ना बटर. आपल्या ५० ग्रॅम बारमध्ये मात्र साधारण ३०० कॅलरी असतात, म्हणजे जवळपास तीन पोळ्या.

मग खायचंच नाही का? खा की! मिल्क चॉकलेटपेक्षा यात साखर कमी, लोह आणि मॅग्नेशियम चांगलं. एक-दोन तुकडे, चवीसाठी. औषध म्हणून नाही.

बाबांना मी फक्त तो २ चा आकडा दाखवला. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. गोळी आता पुन्हा रोज सुरू आहे आणि जेवणानंतर चॉकलेटचा एक तुकडाही.

तुमच्या घरी असं कुणी गोळी टाळत असेल, तर हा एपिसोड त्याच फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!