जुने रीळ आणि अंगठ्याचा ब्रेक

मे महिना लागला की आमच्या व्हिटबीत गराजची दारे उघडतात आणि ड्राइव्ह-वेवर विक्रीची टेबले मांडली जातात. जुने टोस्टर, मुलांच्या लहान झालेल्या सायकली, कोणी न वाचलेले पाकशास्त्र, आणि या सगळ्यात कुठेतरी मासे धरायचे एखादे जुने रीळ. क्रोमचा मुलामा, काळ्या बेकलाइटच्या बाजू, हातात घेतले की चांगले वजनदार. बहुतेक लोक असे रीळ शेल्फवर शोभेला ठेवतात. मी माझे वापरायचे ठरवले, आणि पहिल्याच दिवशी थोडक्यात वाचलो.

आधी सर्फकास्टिंग म्हणजे काय ते सांगतो. कोकणात ज्याला मासे गरवणे म्हणतात तेच, पण किनाऱ्यावर उभे राहून, लांब काठीने, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा. गळासोबत शिसे बांधतात, ते तंगूस ओढत घेऊन जाते. व्हिटबीत समुद्र नाही हे खरे. पण लेक ऑंटारियो म्हणजे जवळजवळ १९,००० चौरस किलोमीटर पाणी. दक्षिणेचा वारा सुटला की लाटा पाहून हे तळे आहे असे कोणी म्हणणार नाही. वसंतात ट्राउट काठाशी येतात, आणि ऑगस्टअखेरीपासून चिनूक सामन ओढ्यांच्या वाटेला लागतात. पाणी गोडे, त्यामुळे जुन्या धातूला गंजाची भीती समुद्रापेक्षा पुष्कळ कमी.

आता रीळ. संक्रांतीला ज्याने दुसऱ्याची फिरकी धरली आहे त्याला हे यंत्र अर्धे समजलेलेच आहे. पतंग ढील मागतो तेव्हा फिरकी गरगर फिरते. पतंग एकदम थांबला तरी फिरकी थांबत नाही. मांजा सुटतच राहतो आणि पायाशी गुंता होतो. जुन्या रिळाचा स्पूल म्हणजे हीच फिरकी, फक्त भयंकर वेगाची. शिसे सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटले आणि स्पूलचा व्यास ५ सेंटिमीटर असला, तर स्पूलला मिनिटाला अकरा हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. मोटारीचे इंजिन साधारण सहा हजारांना लाल रेघेवर येते! शिसे हवेच्या विरोधाने मंदावते, स्पूल मात्र आपल्या जडत्वाने फिरत राहतो. मागणीपेक्षा पुरवठा जास्त झाला की गुंता आलाच.

माझ्या पहिल्या फेकीत तेच झाले. गुंत्याने स्पूल जागीच अडकला, तंगूस ताडकन तुटले आणि तीन औंसांचे शिसे मोकळे सुटले. सुदैवाने ते पाण्यात पडले. धक्क्यावर उजव्या हाताला एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. तीन औंस म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या निम्मे वजन, वेग मध्यमगती गोलंदाजाचा, आणि समोर बॅट नाही की हेल्मेट नाही. घरी येऊन मी रीळ उघडले ते त्यानंतरच.

पेन ही कंपनी ऑटो हेन्झ यांनी १९३२ साली फिलाडेल्फियात काढली, आणि तिचे स्क्विडर हे किनाऱ्यावरचे नावाजलेले रीळ. त्या सुरुवातीच्या काळात रिळावर तागासारख्या लिननची दोरी असे. ती ओली झाली की अधिक बळकट होई, पण रोज उलगडून वाळवावी लागे. ड्यू पॉन्टने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केले आणि पुढे वाळवण्याची कटकट गेली, पण नवी भानगड आली. नायलॉन ताणले जाते. ताणलेले वेढे एकावर एक बसले की प्रत्येक वेढा स्पूलला आवळतो, आणि शेकडो वेढ्यांच्या दाबाने बेकलाइटचा किंवा प्लास्टिकचा स्पूल तडकू शकतो. धातूचा स्पूल हा दाब सोसतो. मात्र पितळेचा जड असतो, म्हणजे जडत्व वाढले, म्हणजे पुन्हा गुंता. ॲल्युमिनियमचा मिळाला तर सोने. त्याखेरीज तळाशी सुती दोऱ्याचा थर घालून वर नायलॉन हलक्या ताणाने गुंडाळावे.

आतले जुने ग्रीस डिंकासारखे झालेले असते. ते केरोसिनने धुऊन काढले, गियरना नवे ग्रीस लावले, बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. येथे एक गंमत आहे: नवशिक्याने बेअरिंगमध्ये थोडे दाट तेल घालावे. तेच थोडाफार ब्रेक होते. ड्रॅग म्हणजे मासा जोरात पळाला तर तंगूस तुटण्याऐवजी घसरू देणारा क्लच. त्याच्या चामड्याच्या चकत्या वाळून कडक झालेल्या असतात. त्या आधी चिकटून राहतात आणि मग एकदम सुटतात. पंधरा-वीस पौंडांच्या चिनूकला तेवढा एक झटका पुरतो. कार्बन फायबरच्या चकत्या आज मिळतात, त्या बसवाव्यात. जुनेपणाचा अभिमान येथे बाजूला ठेवलेला बरा.

शिसे तुटून उडू नये म्हणून पुढे काठीच्या दुपटीएवढे जाड तंगूस जोडतात. हिशेब सोपा आहे: शिशाच्या दर औंसाला दहा पौंडांची ताकद. तीन औंसांना तीस पौंड. हे मी त्या दिवशी केले नव्हते.

फिरकीची कटकटच नको असे वाटणाऱ्यांसाठी दुसरी जात आहे. अल्फ्रेड इलिंगवर्थ या ब्रॅडफर्डच्या गिरणीवाल्याने १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या चात्यावरून सूत जसे टोकाकडून निसटते तसे तंगूस निसटते. स्पूल फिरतच नाही, मग जडत्व कुठले? फ्रान्समध्ये क्लूज या घड्याळांच्या गावी बनलेली मिचेल रिळे याच जातीची. त्यांची दुखरी जागा म्हणजे तंगूस पकडणाऱ्या कडीची स्प्रिंग. ती तुटते, म्हणून एक जास्तीची खिशात असावी.

तरी मी फिरकीवालेच ठेवले. त्यात ब्रेक नाही, चुंबक नाही, अंगठा आहे. काठी फिरवताना स्पूल अंगठ्याने घट्ट दाबायचा, सुटताना उचलायचा, हवेत असताना पिसासारखा टेकवायचा, आणि शिसे पाण्याला लागण्याच्या क्षणभर आधी दाबायचा. हा शेवटचा क्षण चुकला की सगळ्यात वाईट गुंता होतो. सराव मी रिकाम्या मैदानावर, गळ न लावता आणि मागेपुढे कोणी नाही हे पाहून केला. उन्हाळाभर अंगठ्याचे कातडे गेले. आता साठ-सत्तर मीटर जाते. शेजारचा मुलगा नव्या रिळाने शंभर फेकतो आणि माझ्याकडे दयेने पाहतो. तो अठराच्या आतला आहे, म्हणून त्याला परवाना विकत घ्यावा लागत नाही, मला लागतो.